पऱ्हाटीवरच्या रसशोषक किडीला बुरशीचा मार

ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यात सोयाबीनच्या वावरात फिरणाऱ्या शेतकऱ्याने एक गोष्ट हमखास पाहिलेली असते. शेंड्याच्या पानाला एखादी अळी घट्ट चिकटून मेलेली असते. अंग काडीसारखे ताठ आणि त्यावर चुना फासल्यासारखा पांढरा थर. दोन-चार दिवसांनी तोच थर फिकट हिरवा दिसू लागतो. आपण म्हणतो, "चला, औषध लागू पडलं." गंमत म्हणजे शेजारच्या ज्या वावरात औषधाचा थेंबही पडलेला नसतो, तिथेही अळ्या अशाच मेलेल्या सापडतात.

ती अळी औषधाने मेलेली नसते. तिला बुरशीने मारलेले असते. पाऊस-पाणी चांगले असले, हवेत ओल असली की ही बुरशी आपोआप वाढते आणि वावरातली अळी साफ करते. हिला पूर्वी नोमुरिया रिलेई म्हणत, आता मेटारायझियम रिलेई म्हणतात. बिल मात्र आपण कृषी सेवा केंद्राचे भरतो.

सोयाबीनमधली ही बुरशी अळीवर चालते. पऱ्हाटीवरच्या मावा, पांढरी माशी, फुलकिडे, पिठ्या ढेकूण यांसारख्या रस पिणाऱ्या किडींसाठी तिच्या भाऊबंदांपैकी दुसऱ्या बुरशा आहेत. त्यांची माहिती या लेखात देत आहोत. बुरशी म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे मर, करपा, भुरी येते. पण सगळ्याच बुरशा पिकाच्या मुळावर उठत नाहीत. काही बुरशा किडीच्या मुळावर उठतात.

हे आताच का सांगायचे

२०१७ साली पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात जे घडले, ते विदर्भातला शेतकरी विसरलेला नाही. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी, कुठे त्याहून उंच वाढली होती. अशा दाट पिकात घामाने ओल्या अंगाने, तोंडावर काही न बांधता, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारा मारला गेला. सरकारने चौकशी केली, चर्चा झाली, हंगाम सरला.

त्या घटनेत एक गोष्ट ठळकपणे दिसून आली. पंप ज्याच्या पाठीवर असतो, तो बहुतेक वेळा वावराचा मालक नसतो. तो रोजंदारीवर आलेला मजूर असतो. कोणते औषध आणायचे, किती मिसळायचे हे दुसराच ठरवतो, आणि विष याच्या अंगावर उडते. म्हणून एखादी विषारी फवारणी टळली, तर त्यात फक्त पैसा वाचत नाही, माणूसही वाचतो.

कपाशीत फवारण्या वाढल्या कशा, तेही पाहू. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तिचा रोख बोंडअळीवर होता. रस शोषणाऱ्या किडीला बीटीच्या विषाने काही होत नाही. बोंडअळीच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या, पण मावा-तुडतुडे-पांढरी माशी यांचे माजणे वाढत गेले. आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा मारल्याने किडीला त्याची सवय झाली. शिवाय त्याच औषधाने ढालकिडा, क्रायसोपा, सिरफिड माशी हे आपले राखणदारही मेले. राखणदार मेला की चोराचे फावते. मग आणखी कडक औषध. हे चक्र कुठेतरी तोडायला हवे.

पोटातून नव्हे, कातडीतून

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना दात नसतात. सुईसारखी सोंड पानात खुपसून ही कीड आतला रस ओढते. त्यामुळे पानावर पडलेले, पोटात गेल्यावर काम करणारे विष तिला बाधत नाही. पोटातून काम करणारे जिवाणू औषधही इथे उपयोगाचे नाही. बुरशीचे तसे नाही. तिला किडीच्या पोटात जावे लागत नाही.

बुरशीचे बी म्हणजे बीजाणू. तो डोळ्याला दिसत नाही इतका बारीक. फवाऱ्यातून तो किडीच्या अंगावर पडतो आणि चिकटतो. हवेत ओल असेल तर साधारण एका दिवसात तो रुजतो, जसे आपले बी रुजते. त्याला कोंब फुटतो. हा कोंब विकरे सोडून किडीची कातडी मऊ करतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर बुरशी किडीच्या अंगातले सत्त्व खाऊन वाढते. कीड सुस्त होते, रस पिणे कमी करते आणि साधारण चार ते सात दिवसांत मरते. ओल टिकली तर मेलेल्या अंगावर पांढरी बुरशी उगवते आणि तिचे बीजाणू शेजारच्या किडीवर जाऊन पडतात. रासायनिक औषधाच्या अंगी हा गुण नाही. ते मारते आणि संपते. बुरशी मारते आणि पसरते.

रसशोषक किडीसाठी प्रामुख्याने तीन बुरशा वापरात आहेत.

पहिली व्हर्टिसिलियम लेकॅनी. कॉफीच्या झाडावर लेकॅनियम नावाच्या खवले किडीचा फडशा पाडताना ती सापडली, म्हणून नावात लेकॅनी. शास्त्रज्ञांनी तिचे नाव बदलून लेकॅनिसिलियम लेकॅनी केले आहे. पुडक्यावर दोन्हींपैकी कोणतेही नाव दिसले तरी माल एकच समजावा. मावा, पांढरी माशी, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण यांवर हीच मुख्य.

दुसरी बिव्हेरिया बॅसियाना. ही अळ्यांवर चालते, तशीच पांढरी माशी, फुलकिडे यांवरही चालते. तिसरी मेटारायझियम ॲनिसोप्ली. ती उसातल्या, भुईमुगातल्या हुमणीसाठी जमिनीतून देतात, ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. फुलकिड्यांची कोष अवस्था जमिनीत जाते, तिथेही तिचा उपयोग होतो.

आधी मोजा, मग मारा

बुरशी हे आग लागल्यावर ओतायचे पाणी नाही. पानाच्या मागे माव्याचे थरावर थर बसले, चिकटा गळू लागला, त्यावर काळी काजळी धरली आणि मग शेतकरी बुरशी शोधत निघाला, तर हाती निराशाच येणार. ही फवारणी कीड थोडी असतानाच करावी.

त्यासाठी आठवड्यातून एकदा वावरात शिरून पाने पलटून पाहावीत. धुऱ्यावरून पाहून कीड कळत नाही. वावराच्या चारी बाजूंची आणि मधली अशी मिळून वीस झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे असे एकेक पान पाहावे. पानामागे सरासरी १० मावा, किंवा २ ते ३ तुडतुडे, किंवा १० फुलकिडे, किंवा ८ ते १० पांढऱ्या माश्या भरल्या तर नुकसानीची पातळी आली असे समजतात. या आकड्यापर्यंत थांबू नये. निम्म्याच्या आसपास कीड दिसू लागली आणि हवा ढगाळ-ओलसर असली, की बुरशीची पहिली फवारणी घ्यावी.

पिवळे चिकट सापळे एकरी आठ-दहा लावले तर पांढरी माशी आणि मावा कधी उतरला ते कळते. फुलकिड्यांसाठी निळे सापळे लावावेत. आणखी एक. बाजारातल्या संकरित कपाशीच्या बियाण्याला बहुतेक वेळा आधीच आंतरप्रवाही औषध चोळलेले असते. त्यामुळे सुरुवातीचे तीन-चार आठवडे पीक सहसा सुरक्षित राहते. त्या काळात शेजारी मारतो म्हणून आपणही मारायचे, असे करू नये.

फवारणी कशी करावी

लेकॅनिसिलियम लेकॅनीची १.१५ टक्के पाण्यात विरघळणारी भुकटी बाजारात मिळते. प्रमाण १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम. एकरी २०० लिटर पाणी धरले तर १ किलो भुकटी लागते. दुसऱ्या तीव्रतेचा किंवा पातळ माल असेल तर पुडक्यावर छापलेले प्रमाणच पाळावे.

भुकटी थेट पंपात टाकू नये. आधी बादलीत थोड्या पाण्यात चांगली कालवावी, फडक्यातून गाळावी आणि मग पंपात ओतावी. मधून मधून पंप हलवावा, कारण बीजाणू तळाशी बसतात. पान गुळगुळीत असेल तर बरोबर चिकट द्रव्य घ्यावे. कालवलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी मारू नये.

वेळ संध्याकाळचीच. ऊन हा बुरशीचा वैरी आहे. कडक उन्हात बीजाणू काही तासांतच निकामी होतात. चारनंतर फवारणी सुरू केली म्हणजे पूर्ण रात्र ओलाव्याची मिळते आणि बीजाणू रुजतो. संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात. तापमान २० ते ३० अंश आणि हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर, हा बुरशीचा आवडता हंगाम. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर हा काळ त्यासाठी उत्तम. मात्र जोराचा पाऊस येणार असे दिसत असेल तर थांबावे.

फवारा पानाच्या मागून बसला पाहिजे. कीड मागे आणि औषध पुढे, असे झाले तर किलोभर भुकटी वाया गेली म्हणून समजा. नोझल खाली धरून वर तोंड करावे. बीजाणू अंगावर पडल्याशिवाय कीड मरत नाही, हे मजुराला समजावून सांगावे. एवढे सांगितले तरी निम्मे काम होते.

एका फवारणीवर भागत नाही. मावा आणि पांढरी माशी यांची पिले कात टाकत वाढतात. कातीबरोबर अंगावरचे बीजाणूही गळून पडतात. शिवाय अंड्यातून नवी पिले निघत राहतात. म्हणून आठ ते दहा दिवसांनी दुसरी फवारणी जरूर घ्यावी. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणासारखी पूड असते. मोठ्या ढेकणावर पाणी थांबत नाही, म्हणून बारीक पिले रांगत असतानाच गाठावे.

चूक कुठे होते

"भाऊ, मागच्या साली मारलं होतं बुरशीचं औषध. काही फरक पडला नाही." पारावर बसलेला कोणीही शेतकरी हे सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. पण खोदून विचारले की कारण निघते.

एक, बुरशीनाशक. बरेच शेतकरी पाण्याची पाळी वाचवायला एकाच पंपात किडीचे आणि करप्याचे औषध मिसळतात. मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, गंधक, ताम्रयुक्त औषध हे सगळे बुरशी मारणारे आहेत. त्यात आपली कामाची बुरशी टाकली तर ती पंपातच मरते. बुरशीनाशक आणि ही फवारणी यांत किमान आठ दिवसांचे अंतर ठेवावे. बुरशीनाशकाचा आणि तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळाच असावा, नाहीतर साबणाने दोन-तीनदा धुवून घ्यावा. कीटकनाशकातही मनाने काही मिसळू नये.

दुसरे, मेलेला माल. बुरशी हा जिवंत जीव आहे. मे महिन्यात पत्र्याखाली, खताच्या पोत्यांशेजारी पडून राहिलेल्या पुडक्यात तारीख शिल्लक असते, जीव शिल्लक नसतो. माल घेताना पुडके हातात घेऊन वाचावे. कीटकनाशक कायदा १९६८ खालचा नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, सीएफयू म्हणजे दर ग्रॅममधल्या जिवंत बीजाणूंची संख्या, हे सगळे छापलेले हवे. ही संख्या ग्रॅमला किमान १० कोटी असावी लागते. पक्की पावती मागावी. घरी आणल्यावर माल माठाजवळ, सावलीत, थंड जागी ठेवावा आणि लवकर वापरावा.

तिसरे, घाई. संध्याकाळी मारले आणि सकाळी पाहायला गेलो तर मावा जिथल्या तिथे. रासायनिक औषधाने डोळ्यादेखत कीड पडते, त्याची आपल्याला सवय लागली आहे. इथे चार-पाच दिवस धीर धरावा लागतो. उलट "जैविक आहे" म्हणून विकलेल्या मालाने दोन तासांत कीड पटापट पडू लागली, तर शंका घ्यावी. जैविकाच्या नावाखाली रासायनिक विष मिसळून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. असा माल घेतला तर सेंद्रिय प्रमाणपत्रवाल्याचा घात होतो आणि उघड्या अंगाने मारणाऱ्याच्या जिवावर बेतते.

बुरशीने काम केले की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. फवारणीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी मेलेली, सुस्तावलेली कीड असलेली चार पाने तोडावीत. झाकणाच्या डब्यात ओला कागद घालून त्यावर ठेवावीत आणि डबा सावलीत ठेवावा. दोन-तीन दिवसांत किडीच्या अंगातून पांढरा कापूस फुटल्यासारखा दिसला, तर माल जिवंत होता असे समजावे.

रेशीमवाल्यांनी सांभाळून

ज्यांच्याकडे तुती आणि रेशीम कीटक आहेत, किंवा ज्यांचा शेजारी रेशीम घेतो, त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बिव्हेरिया ही मुळात रेशीम किड्याच्या रोगातूनच जगाला कळली. इटलीतल्या ॲगोस्टिनो बासी यांनी १८३५ साली दाखवून दिले, की रेशीम अळ्या ताठ होऊन खडूसारख्या पांढऱ्या पडतात त्याला एक बुरशी कारणीभूत आहे. त्यांच्याच नावावरून तिला बॅसियाना म्हणतात. त्या रोगाला मस्कार्डाइन म्हणतात आणि त्याने एका खेपेत अख्खी बॅच जाते. म्हणून तुतीच्या मळ्याजवळ, संगोपनगृहाच्या आसपास बिव्हेरिया मुळीच फवारू नये. मेटारायझियमही तिथून दूरच ठेवावी. शेजाऱ्याला आधी विचारावे. धुऱ्यावरून भांडण होण्यापेक्षा एक शब्द विचारलेला बरा.

माणसाला आणि जनावराला ही बुरशी रासायनिक विषासारखी बाधत नाही. तरीही भुकटी बारीक असते, नाकातोंडात गेली तर शिंका, दमा, अंगाला खाज असा त्रास काहींना होतो. नाकाला रुमाल बांधावा, हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

बुरशी एकटी पुरत नाही

ऑक्टोबर उजाडला, हवा कोरडी पडली की पांढरी माशी जोर करते आणि बुरशीचा जोर ओसरतो. त्या वेळी ५ टक्के निंबोळी अर्क हाताशी असावा. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी होईल इतके करावे. उन्हाळ्यात बायामाणसांनी निंबोळ्या वेचून वाळवून ठेवल्या तर हे औषध जवळपास फुकट पडते.

युरिया बेताने द्यावा. जास्त नत्राने पीक काळेभोर आणि लुसलुशीत होते, आपल्याला बरे वाटते, पण माव्याला त्याहून बरे वाटते. पऱ्हाटीच्या कडेने चवळीच्या ओळी टाकाव्यात. चवळीवरच्या माव्यावर ढालकिडे पोसले जातात आणि तेच पुढे पऱ्हाटीवर येतात. तुडतुड्यांचा त्रास ज्या गावात नेहमीचा, तिथे पानावर लव असलेले वाण निवडावे. नुसत्या बुरशीवर विसंबून तुडतुड्यांशी लढू नये.

एवढे करूनही कीड हाताबाहेर गेली तर रासायनिक औषध मारावे लागेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका वेळी एकच, शिफारशीचे, लेबलावरच्या प्रमाणात, आणि अंगभर कपडे, तोंडाला मास्क, वाऱ्याच्या दिशेने, उपाशीपोटी नव्हे.

गावाने काय करावे

हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही. पांढरी माशी धुरा ओळखत नाही. एकाने बुरशी मारली आणि चार बाजूंनी कडक विषाचा मारा चालू राहिला, तर मित्रकीटक टिकत नाहीत.

सरपंच, कृषी खात्याचे गावचे कर्मचारी आणि शेतकरी गट यांनी जून महिन्यातच बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, गावाला लागणाऱ्या भुकटीची एकत्र मागणी. कृषी विद्यापीठे आणि नोंदणीकृत उत्पादक यांच्याकडून ताजा माल हंगामाच्या तोंडावर थेट आणावा, म्हणजे तो दुकानात उन्हाळा काढत नाही. घरी भातावर बुरशी वाढवायचे प्रयोग काही जण करतात. प्रशिक्षण नसेल तर त्यात भलत्याच काळ्या-हिरव्या बुरशा शिरतात, म्हणून ते नको. दुसरी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दर आठवड्याला किडीची मोजणी लिहावी. कोणाच्या वावरात पानामागे किती मावा, हे कळले की अर्ध्या फवारण्या आपोआप थांबतील. तिसरी, संशयास्पद जैविक मालाचा नमुना गुणनियंत्रण निरीक्षकाकडून काढून घ्यावा. तक्रार तोंडी करू नये, पावती जोडून लेखी करावी.

आणि फवारणी करणाऱ्या मजुरांची एक यादी गावाकडे असावी. हंगामाआधी त्यांना एक दिवस बसवून पंप, नोझल, मास्क, वेळ हे सगळे समजावून सांगावे. त्या दिवसाची मजुरी गटाने द्यावी. शेवटी पंप त्यांच्याच पाठीवर चढणार आहे.

यंदा सगळ्या वावरात करू नका. एक एकर बाजूला काढा. त्यात पाने मोजा, संध्याकाळी बुरशी मारा, दहा दिवसांनी पुन्हा मारा. बाकी वावराचा खर्च आणि या एकराचा खर्च दोन्ही वहीत लिहा. दिवाळीला वही उघडा. तेव्हा जे दिसेल त्यावर पुढच्या सालचे ठरवा.